समेच्या जरा मागं

जे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही ते आधी सांगून टाकतो, म्हणजे बाकीचं लिहिता येईल. आयुष्यात मी ऐकलेलं सगळ्यात मोठं गाणं ज्या दुपारी ऐकलं, त्या दुपारी मी परीक्षक होतो. त्या गाण्याला मी तालासाठी वीसपैकी सहा आणि आवाजासाठी वीसपैकी सात गुण दिले. अंगावर काटा असताना दिले. पेन घट्ट धरून, आकडा नीट वळवून दिले.

बायकोला हे माहीत नाही. साताऱ्याच्या ज्या शाळेत मी पंचवीस वर्षं संगीत शिकवतो, तिथं तर सांगायचा प्रश्नच नव्हता. तिथं माझी ख्याती अशी की सर एका अर्ध्या मात्रेलाही माफ करत नाहीत. मुलं मागून नक्कल करतात, ती मला माहीत आहे. उजवी तर्जनी उचलून, मान थोडी तिरपी करून, ‘सम कुठाय?’ नक्कल चांगली करतात.

पंधरा दिवसांपूर्वी स्टँडसमोरच्या हातगाडीवर नवा बेदाणा आला. गाडीवाल्यानं चवीला म्हणून चार मणी तळहातावर ठेवले. आधी गोड लागलं, मग आंबट, आणि अगदी शेवटी घशाच्या तोंडाशी गंधकाचा पुसट चटका. तो चटका लागला आणि मी तिथंच उभा राहिलो. दरवर्षी फेब्रुवारी सरताना हे होतं. इतरांना या दिवसांत परीक्षा आठवतात, शिमगा आठवतो. मला तासगावाकडचा तो एक मोसम आठवतो, आणि त्यातली एक बाई, जी समेच्या जरा मागून यायची.

*

बेदाण्याची शेड म्हणजे भिंती नसलेलं एक लांबच लांब घर. वर पत्रा, आत एकावर एक जाळ्यांचे दहा-अकरा मजले. द्राक्षं औषधाच्या पाण्यात बुडवून त्या जाळ्यांवर अंथरतात आणि पंधरवडाभर वाऱ्यावर सोडतात. कडेनं हिरव्या जाळीचे पडदे असतात, त्यामुळं भर दुपारी आतला उजेड विहिरीच्या तळासारखा असतो. वास मात्र तळाचा नसतो. आंबूस-गोड, जड, कपड्यांत शिरणारा. पलीकडं कुठंतरी गंधकाची धुरी दिलेली असते, ती अधूनमधून वाऱ्याबरोबर येते आणि बोलणारा माणूस वाक्य अर्धं टाकून खोकतो.

शाळेतल्या एका सहकाऱ्याच्या भावाची तिथं शेड होती. हंगाम संपत आला की त्या गावचे बागायतदार देवळापुढं मंडप घालून महिलांच्या भजनाच्या स्पर्धा ठेवायचे. पहिला येणारा संच सांगलीच्या मोठ्या कार्यक्रमात गायचा. सातआठ वर्षांपूर्वी मला परीक्षक म्हणून बोलावलं. मी कराडला गाडी बदलून सकाळीच पोचलो. स्पर्धा दुपारी होती. ‘तवर शेड बगा की सर,’ असं म्हणून सहकाऱ्याचा भाऊ मला आत घेऊन गेला, आणि कुठल्याशा ट्रॅक्टरवाल्याचा फोन आला म्हणून मला तिथंच सोडून गेला.

एका बाजूला पंधरा-वीस बायका रांगेनं बसून बेदाणा निवडत होत्या. प्रत्येकीपुढं ढीग. हात त्यात शिरायचे, काडी उचलायचे, काळा पडलेला मणी डावीकडं टाकायचे, हिरवा उजवीकडं. एवढ्या वेगानं की बोटं दिसत नव्हती, फक्त ढीग सरकताना दिसायचा. आणि त्यांच्यातली एक गात होती:

मणी मणी गं वेचिते, ऊन पाठीवरी बाई,
माझ्या जताच्या माळावं, एक सावली बी न्हाई.

बाकीच्या शेवटचे शब्द उचलायच्या, हातांच्या ठेक्यावर, बरोबर. ती बाई मात्र त्या ठेक्यावर नव्हती. सगळ्यांचे हात ढिगात पडायचे, तो क्षण ती जाऊ द्यायची, आणि मग शब्द ठेवायची. किती मागून, ते दर वेळी वेगळं. कधी केसाएवढं, कधी इतकं मागं की मला वाटायचं, आता हिचं गेलं, आता ही हरवली. जिना उतरताना पुढची पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि पाय नुसत्या हवेत जावा, तसं व्हायचं. आणि मग पायरी यायची. दर वेळी यायची.

आवाज स्वच्छ नव्हता. वरच्या सुरांवर तो फाटायचा आणि त्या फाटीतून जे यायचं त्याला काय म्हणायचं, हे मला अजूनही ठरवता आलेलं नाही. दुःख म्हणवत नाही, कारण गाताना ती शेजारणीच्या ढिगातले मणी ढापत होती आणि हसत होती.

मी हातातली पिशवी खाली ठेवली. का ठेवली ते माहीत नाही. मोकळ्या हातांनी ऐकावं असं वाटलं असेल.

गाणं थांबल्यावर एका म्हातारीनं मला पाहिलं. “कोण पावणं हाईत?”

“स्पर्धेला आलोय. परीक्षक.”

“आगं रत्नव्वा,” म्हातारी म्हणाली, “झाक तोंड. मार्क देणारं आल्यात, हितंच कापत्याल.”

सगळ्या हसल्या. रत्नव्वा पन्नाशीच्या आतबाहेरची, हातापायानं काटक, कपाळावर ठसठशीत कुंकू. मूळची जतकडची, हंगामापुरती इथं येणारी. तिकडच्या बोलण्यात अदबीचं कानडी ‘री’ येतं, तसं ती म्हणाली, “हे काय गाणं न्हवं री सर. हात चालाय पायजेत म्हणून म्हणतो आमी.”

“पण तुम्ही शब्द मागून का घेता?” मी विचारलं.

तिनं प्रश्न नीट ऐकला. असा प्रश्न तिला कुणी विचारला नसावा. ढिगात हात घालून, दोन-तीनदा काडी उचलून पाहून म्हणाली, “हात आदी, शब्द मागनं. हातावरच शब्द ठेवला तर हात थांबतोय की.”

एवढंच. पुढं मी यावर जितकं वाचलं आणि विचार केला, त्यात याच्या पलीकडं फारसं काही सापडलं नाही.

*

खरं म्हणजे हे गाणं मी ओळखत होतो. ओळखत होतो म्हणूनच माझा गुन्हा मोठा.

माझे मामा रहिमतपूरचे, फौजेच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. निवृत्त होऊन आले तेव्हा ट्रंकेत वर्दी, घोंगडी आणि आठ कॅसेटी होत्या. त्यांच्याबरोबरच्या एका गोव्याच्या वादकानं भरून दिलेल्या. जॅझ हा शब्द मला पुढं पुष्कळ वर्षांनी कळला. मामा त्याला ‘मेसमधलं गाणं’ म्हणत. अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये पार्टी असली की असलं वाजवायला लागायचं म्हणून. एका कॅसेटवर एक परदेशी बाई गायची. कव्हरवर नाव नव्हतं. मामांच्या अक्षरात नुसतं ‘बाई’ असं होतं.

मी तेव्हा विशारदच्या तयारीत होतो. बोटं मोजून मोजून झिजली होती. पहिल्यांदा ऐकलं आणि मी म्हणालो, “मामा, ही बेताल आहे. आणि आवाज फाटलाय.”

मामा शेंगा सोलत बसले होते. “फाटला न्हाई रं. वापरलाय. आन् बेताल कशी? बेताल माणूस हरवतंय. ही हरवती का? ऐक की. मागनं येतीय, पर घरी कवा पोचायचं ते तिला ठावं हाय.”

“पण मात्रा...”

“तू मोजू नगंस गड्या. तिनं मोजायचं ते मोजून झालंय, म्हणून आता गातीय.”

पुढची किती वर्षं मी ती बाई ऐकली. इंग्रजी शब्द निम्मे कळत नव्हते. कळत होतं ते एवढंच की साथीची मंडळी रस्त्यानं सरळ चालली आहेत आणि ही त्यांच्या मागं रेंगाळत, कुणाच्या दारात थांबत, कुणाशी बोलत येते आहे, आणि तिच्या येण्यानं रस्ता लांब होतो. अंगावर काटा यायचा. मात्र हे ऐकणं मी कायम इअरफोन लावून केलं. कारण एकदा, एकदाच, क्लासात मी बोलून गेलो होतो की खरबरीत आवाजातही काहीतरी असतं. आमचे गुरुजी तंबोरा जुळवत होते. मान वर न करता म्हणाले, “ज्याला सूर लागत नाही, त्याला भाव फार सुचतो.” वर्ग हसला. मीही हसलो. त्यानंतर माझी आवड खिशात आणि माझे निकष तोंडावर, अशी वाटणी झाली. ती इतकी सवयीची झाली की ती वाटणी आहे हेच मी विसरलो.

*

मंडपात उकडत होतं. माझ्या शेजारी दुसरे परीक्षक, आष्ट्याचे एक बुवा. सत्तरी ओलांडलेले, आयुष्यभर भजन केलेले, एकही परीक्षा न दिलेले. त्यांनी गुणपत्रिका हातात घेतली, उलटी केली, आणि तिच्यानं वारा घ्यायला लागले.

“बुवा, त्यावर रकाने आहेत,” मी म्हणालो.

“असूं द्यात. वारं बी हाय.”

रकाने मीच आखून दिले होते. ताल वीस, सूर वीस, आवाजाची गुणवत्ता वीस, उच्चार आणि पाठांतर वीस, शिस्त आणि सादरीकरण वीस. ते आखण्याला कारण होतं. मी पहिल्यांदा परीक्षक झालो त्या स्पर्धेत शेजारच्या परीक्षकानं ‘मला भिडलं’ एवढ्या कारणानं एका संचाला पहिलं केलं होतं. तो संच आयोजकांच्या घरचा निघाला. ज्या पोरीचा सूर त्या दिवशी आरशासारखा होता, ती मंडपामागं टाळांच्या पिशवीवर डोकं ठेवून रडत होती. तेव्हापासून मी ठरवलं की आपल्याला काय भिडतं याचा स्पर्धेशी संबंध नाही. आजही मला हे पूर्णपणे चूक वाटत नाही. आवडीला हात-पाय असतात, ती ओळखीच्या माणसाकडं आपोआप चालत जाते. निकषाला कुणाची सोयरीक नसते. हे मी मुलांना सांगत आलो आणि ते खरंच आहे.

म्हणून तर पुढचं सांगायला जड जातं.

शेडवरच्या बायकांचा संच सातवा गायला बसला. पेटी, पखवाज, दोघींच्या हातात टाळ, मध्ये रत्नव्वा. मला पाहून ती ओळखीचं हसली. एका गौळणीला त्यांनी स्वतःची चाल लावली होती. भजनी ठेका सुरू झाला. सम म्हणजे ठेक्याची पहिली मात्रा, जिथं गाणाऱ्यानं आणि वाजवणाऱ्यानं एकत्र पोचायचं असतं. बाकीच्या बायका पोचायच्या. रत्नव्वा टाळ वाजून जाऊ द्यायची, त्याचा नाद हवेत विरायला लागायचा, आणि त्या विरण्यावर ती शब्द अलगद ठेवायची.

मंडपातली बडबड बंद झाली. मागं भांडी घासत होते ते थांबले. एक म्हातारा उभा राहिला आणि का उभा राहिलो हे न कळून तसाच उभा राहिला. वरच्या सुरावर तिचा आवाज फाटला, आणि मला वाटलं, माझ्या मामांची ती नाव नसलेली बाई इतक्या लांबून, इतक्या वर्षांनी, जतच्या माळावरून चालत इथं पोचली आहे. दोघींनी एकमेकींचं नावही ऐकलेलं नसणार. एकीला ते कुठल्या धुरानं भरलेल्या खोलीत सापडलं, दुसरीला बेदाण्याच्या ढिगात. आणि ते एकच होतं. मी हादरलो होतो. देवळापुढं बसून मला पहिल्यांदा असं काही वाटलं ज्याला देवळाचं नाव देता आलं असतं.

मग माझा हात ताल या रकान्यावर गेला.

रकाना विचारत होता: समेवर आली का? नाही आली. एकदाही नाही. मी सहा लिहिले. आवाजाची गुणवत्ता: फाटतो, श्वास ऐकू येतो, घसा धुरानं खराब. सात लिहिले. हे लिहिताना माझ्या दंडावरचे केस उभे होते, मी ते बाहीखाली झाकले.

बुवा माझ्याकडं वळले. त्यांचे डोळे ओले होते आणि ते पुसायची त्यांना घाई नव्हती. “मास्तर, काटा आला का न्हाई?”

“आला.”

“मग?”

“बुवा, काटा येणं हा निकष नाही.”

“आस्सं,” बुवा म्हणाले. थोडा वेळ वारा घेतला. “मग निकष काडलाय तरी कशासाटी, तेवडं सांगा की.”

मी बेरीज करायला घेतली. त्यांनी शंभरपैकी शंभर दिले होते, एकाच आकड्यात, रकान्यांवरून आडवे लिहून. माझ्या गुणांनी तो संच चौथा आला.

*

इथपर्यंतचं कदाचित माफ होण्यासारखं आहे. स्पर्धेत कुणीतरी चौथं येतंच. माझा खरा अपराध पुढं आहे आणि तो मी दयेपोटी केला.

बक्षिसं वाटून झाल्यावर रत्नव्वा माझ्याकडं आली. पदर खोचलेला, चेहऱ्यावर राग अजिबात नाही. “सर, कुटं चुकलं तेवडं सांगा री. पुडल्या वर्सी सुदारतो.”

त्या वेळी मला दोन शब्द बोलता आले असते. ‘चुकलं नाही.’ बस. मंडप सोडायचं काम चालू होतं, बुवा चहाला गेले होते, ऐकायला कुणी नव्हतं. पण मी नुकताच कागदावर सहा लिहून आलो होतो. ते खरं ठरवायचं तर तिचं चुकलेलं असणं भाग होतं.

म्हणून मी तिला मंडपाच्या कडेला बसवलं आणि शिकवलं. तळहातावर टाळी देऊन दाखवली. पहिली मात्रा, तिथं शब्द. आठ मोजा, पुन्हा पहिली, पुन्हा शब्द. ती हुशार होती. दहा मिनिटांत तिच्या लक्षात आलं. एकदा बरोबर समेवर शब्द पडला आणि ती माझ्याकडं पाहून लाजली, शाळेतल्या पोरीसारखी. मी म्हणालो, शाब्बास. घशासाठी ज्येष्ठमध सांगितला. धुरीपासून लांब बसा म्हणालो. सकाळी खर्जात सूर लावा म्हणालो. “मोबाईलवर ठेका मिळतो, तो लावून रोज अर्धा तास म्हणा,” असं सांगून तो तिच्या पोराच्या मोबाईलमध्ये घालूनसुद्धा दिला. परतीच्या गाडीत मी स्वतःवर खूश होतो. एका शेतमजूर बाईला आपण विद्या दिली, असं काहीतरी वाटत होतं.

त्याच आठवड्यात एका दुपारी घरी कुणी नसताना मी एक कोरी गुणपत्रिका घेतली आणि मामांच्या बाईची कॅसेट लावली. इअरफोनशिवाय. एक गाणं पूर्ण ऐकलं आणि प्रामाणिकपणे रकाने भरले. ताल पाच. आवाज सहा. सूर, उच्चार, शिस्त, सगळं ओढूनताणून शंभरपैकी अडतीस झाले. अख्ख्या जगानं जिला डोक्यावर घेतलं असेल, तिला मी उत्तेजनार्थसुद्धा दिलं नसतं. मी तो कागद पुन्हा पुन्हा वाचला. मग बारीक फाडून ओल्या कचऱ्यात टाकला, कोरड्यात नाही, कुणी जोडून वाचू नये म्हणून.

तेव्हा कळलं होतं. तेव्हाच फोन करायला हवा होता. नंबर सहकाऱ्याच्या भावाकडून मिळाला असता. मी केला नाही.

*

पुढच्या मोसमात तोच मंडप, तेच बुवा. शेडवरच्या बायकांचा संच तिसरा गायला बसला. रत्नव्वा मध्ये, नवी साडी. तीच गौळण.

समेवर आली. पहिल्या ओळीला आली, दुसऱ्या ओळीला आली, प्रत्येक वेळी आली, खिळ्यावर हातोडी यावी तशी. आवाज धुतल्यासारखा झाला होता. वरचा सूर फाटला नाही. तिनं वर्षभर, रोज, रान-जनावरं सांभाळून, त्या मोबाईलच्या ठेक्यापुढं बसून हे मिळवलं होतं. मला प्रत्येक मात्रेमागची मेहनत ऐकू येत होती. भांडी घासणारे घासत राहिले. कुणी उठून उभं राहिलं नाही. मंडपात लोकांनी चांगल्या टाळ्या वाजवल्या.

मी तालासाठी एकोणीस दिले. निकषानं दुसरं काही देता येत नव्हतं. संच पहिला आला.

बुवांनी या वेळी रकाने भरले होते, सगळे, चांगले भरले होते. कागद माझ्याकडं सरकवत त्यांनी विचारलं, “मास्तर, गेल्या वर्सी एक बाई आलती बगा. मागनं म्हणायची. ती न्हाई आली व्हय औंदा?”

त्यांची नजर अधू झाली होती, त्यामुळं खरंच ओळखलं नसेल. की मला टोचत होते? मी विचारलं नाही. “नाही आली,” एवढंच म्हणालो. दीड वर्षानं बुवा गेले. आता ते विचारताही येणार नाही.

ढाल घेतल्यावर रत्नव्वा थेट माझ्याकडं आली आणि वाकली. मी पाय मागं घेतले तर म्हणाली, “न्हाई सर, घेऊ द्या री. तुमच्यामुळं झालं.”

*

त्यानंतर मी स्पर्धांना जाणं बंद केलं. पाठदुखीचं कारण सांगतो. शाळेत शिकवतो, ते चालूच आहे. सम कुठाय हेही विचारतो, कारण मुलांना आधी सम कळायलाच हवी. मामांच्या बाईनंही कधीतरी मोजलंच असणार. फक्त एखाद्या पोराचा शब्द मागून पडला आणि तो हरवला नाही, तर मी हल्ली तर्जनी उचलत नाही. खिडकीबाहेर बघतो. त्याचं त्याला पुढं जाऊ देतो. हे एवढं शिकायला मला एक बाई खर्च करावी लागली.

यंदा हातगाडीवर बेदाणा पाहिला आणि गेल्या रविवारी मी उठून तासगावला गेलो. तीच शेड. आतला उजेड तसाच. बायका निवडत होत्या, कडेला एक स्पीकर ठेवला होता आणि त्यावर मोबाईलमधली गाणी मोठ्यानं चालू होती. कुणी गात नव्हतं. रत्नव्वा आता साठीकडं झुकलेली, निवडणाऱ्या बायकांवर देखरेख करते. मला पाहून तिनं स्पीकर बंद करायला लावला.

“आगं हे माजं सर,” तिनं सगळ्यांना सांगितलं. “टाळी यांनी शिकवली मला. आमच्यात ‘सरांची टाळी’ म्हणतात री सर. सुनंला शिकवली. गल्लीतल्या पोरींस्नी शिकवली. जतला आमचा संच दोनदा पयला आला. ढाल लावलीया बगा भिताडाला, एकदा या घरला.”

मी म्हणालो, “रत्नव्वा, तुम्ही पूर्वी जे म्हणत होता ना, निवडताना. मणी मणी गं वेचिते. ते म्हणाल का एकदा?”

तिनं म्हटलं. टाळी देऊन, समेवर, स्वच्छ.

“असं नाही,” मी म्हणालो. “पूर्वी म्हणायचा तसं. मागून.”

ती विचारात पडली. हात पुढं केला, हवेत काडी उचलल्यासारखं केलं, ओठ हलवले. पुन्हा शब्द टाळीवरच पडला. तिनं हसून मान हलवली. “न्हाई री आठवत. चुकीचं असतंय ते कसं याद राहील? तुमाला येत असंल, तुमी म्हणा की. कसं म्हणत होते मी?”

सगळ्या बायकांचे हात थांबले होते. त्या ओळी माझ्या कानात जशाच्या तशा आहेत. कुठला शब्द किती मागं, कुठं आवाज फाटला, कुठं ती हसली. या जगात ते गाणं आता फक्त माझ्याजवळ आहे. मी डोळे मिटले, टाळी जाऊ दिली, शब्द अडवून धरला. आणि तो समेवर येऊन बसला. दुसऱ्यांदा अडवला, तर नुसता उशीर झाला, गाणं झालं नाही. तिसऱ्यांदा मी गप्प बसलो.

एक तरुण बाई तोंडाला पदर लावून हसली. रत्नव्वानं तिला डोळ्यांनी दटावलं. “सरांचा घसा बसलाय आज,” ती म्हणाली, “च्या सांगा कुणीतरी.”

चहा झाला. तिनं मला बेदाणा बांधून दिला, निवडलेला, एकसारख्या मण्यांचा. मी तो घेतला आणि एसटीत बसलो. सांगायला गेलो होतो ते न सांगताच. कारण सांगायचं म्हणजे तिच्या भिंतीवरची ढाल माझ्या हातानं खाली उतरवायची, आणि गल्लीतल्या पोरींच्या टाळीला नवं नाव शोधायचं. हे कारण खरं आहे. पण मी भितो, हे त्याहून खरं आहे. तिच्याआधी हे मी तुम्हाला सांगतोय, त्यावरूनच ते कळेल.

त्या दुपारी तिचं काहीच चुकलं नव्हतं. मला ते तेव्हाच कळलं होतं, आणि तरी मी सहा लिहिले. हे मी रत्नव्वाला तिच्या समोर बसून, स्वतःच्या तोंडानं सांगायचं देणं लागतो. अजून सांगितलेलं नाही.